जिवंत माणसाचा विमा

वलवणच्या शाळेच्या जुन्या नोंदवहीत पानामागून पान एकच जन्मतारीख आहे: एक जून. शाळा जूनमध्ये उघडायची. मुलाला घेऊन बाप यायचा, गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला सांगायचे. कान हाताला लागला, की मूल सहा वर्षांचं झालं असं धरून ते एक जून ही तारीख घालत आणि साल त्या हिशेबानं मागे मोजत. आज सत्तरीच्या आसपास असलेला निम्मा गाव अशा रीतीनं एकाच दिवशी जन्मला आहे.

धरणाच्या बाजूला सकाळी फिरायला जाणारे आम्ही पाच जण होतो. दोन सख्खे भाऊ, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ताडपत्री आणि दोरखंड विकणारे एक दुकानदार आणि मी. थोरल्या भावाला सगळे आबा म्हणत. त्यांनी चाळीस वर्षं लोणावळ्यातल्या बंगल्यांमध्ये माळीकाम केलं होतं. धाकटे भाऊ देहूरोडला लष्कराच्या डेपोत ठेकेदाराकडे हमालीला होते. मुख्याध्यापिकांना बाई आणि दुकानदारांना चाचा म्हणण्याची पद्धत होती. मी वर्तमानपत्रातून निवृत्त झालो होतो, त्यामुळे मला ‘पेपरवाले’ म्हणत.

त्या वर्षी आमच्या बोलण्याचा विषय आबांचा खुबा होता. उजव्या खुब्याचा सांधा झिजला होता आणि डॉक्टरांनी तो बदलायला सांगितलं होतं. आबांना मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं. फिरताना ते आमच्या मागे राहत आणि मागे राहिल्याचं कळू नये म्हणून रस्त्याकडेच्या झाडांची पाहणी करत. घराच्या शिधापत्रिकेवरचं सरकारी विम्याचं संरक्षण होतं, पण सुनेच्या मोठ्या आजारपणात त्या वर्षाची मर्यादा जवळजवळ संपली होती. सून बरी झाली, ही गोष्ट आबा दर वेळी आधी सांगत आणि मग स्वतःच्या खुब्याकडे वळत.

उरला एक रस्ता. सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, सरकारी विम्याचं स्वतःचं वेगळं कार्ड मिळू लागलं होतं. आबा बहात्तर वर्षांचे होते. कागदावर एकोणसत्तर. लहानपणी ते गुरांमागे होते. धाकटा भाऊ सहाव्या वर्षी शाळेत गेला, त्याच्या पुढच्या वर्षी आबांना पाठवलं. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्यांचा हात कानावरून पुढे मानेपर्यंत गेला तरी गुरुजींनी पहिलीत घातलं आणि वय सहाच लिहिलं. त्यामुळे कागदावर धाकटा भाऊ थोरला होता, सत्तर पूर्ण झालेला होता, त्याच्याकडे कार्ड होतं आणि त्याला साधं सर्दीपडसंही होत नव्हतं.

“दादा, माझंच कार्ड घे की,” भाऊ म्हणाले. “आपली तोंडं सारखीच हायेत.”

“तुझ्या तोंडाचं काय करायचंय? खुबा माझा हाय,” आबा म्हणाले.

बाईंनी दोघांनाही गप्प केलं. दुसऱ्याच्या कार्डावर शस्त्रक्रिया म्हणजे फसवणूक, आणि ती पकडली गेली तर पुढच्या खऱ्या रुग्णाला त्रास, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जन्मसाल दुरुस्त करायचं तर पुरावा एकच होता, शाळेची नोंदवही. आणि चूक त्या वहीतच होती. डॉक्टरांच्या मते जूनपर्यंत थांबता येणार होतं. एक जूनला आबा कागदावर सत्तर वर्षांचे होणार होते. ते दिवस मोजू लागले.

या थांबण्याच्या काळात आमच्यातला वाद वाढला. चाचांना ही योजनाच मान्य नव्हती. “फुकट दिलं की माणूस बिघडतो,” हे त्यांचं रोजचं वाक्य. बाई म्हणत, फुकट काहीच नाही, आपण काडेपेटी घेतली तरी कर भरतो, तोच पैसा परत येतो. भाऊंना विमा या शब्दाचीच भीती होती. कार्ड त्यांनी ट्रंकेत तळाशी ठेवलं होतं. रोज तेच मुद्दे, त्याच जागी, त्याच आवाजात यायचे. शेवटी बाईंनी शाळेतली युक्ती काढली. त्या मुलांच्या वादविवाद स्पर्धेत प्रत्येकाला आपल्या मताच्या उलट बाजूनं बोलायला लावत असत.

“तुम्ही योजनेच्या बाजूनं बोलायचं, चाचा. भाऊ, तुम्हीही. मी आणि आबा विरोधात.”

“मी विरोधात?” आबा म्हणाले. “बाई, मलाच तर पायजे कार्ड.”

“म्हणूनच.”

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी चाचांच्या दुकानामागच्या शेडमध्ये सभा भरली. ताडपत्रीच्या गठ्ठ्यांवर तीस-चाळीस माणसं बसली होती, बहुतेक म्हातारी. प्रत्येकाला पाच मिनिटं. घड्याळ आणि निकाल माझ्याकडे होता.

चाचा उठले आणि त्यांनी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं सुरू केलं. “मी दर साली ताडपत्री विकतो. सगळ्यांचीच फाटते का? नाही. वाऱ्यानं दहा-बारा घरांची फाटते. पण कोणाची, ते मला ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक नाही, वाऱ्यालाही ठाऊक नाही. मग सगळ्या गावानं मिळून थोडे थोडे काढून ठेवले, तर ज्याची फाटली त्याला नवी देता येईल. ज्याची नाही फाटली त्याचं काय गेलं? तो कोरडा झोपला.” ते थांबले. आपण पटेल असं बोललो याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं. “आता माझं खरं मत सांगू का?” त्यांनी विचारलं. बाईंनी बसा म्हणून खूण केली.

बाई विरोधात बोलल्या, पण त्यांचं मन त्यात नव्हतं. रुग्णालयं जादा तपासण्या करून खर्च फुगवतात, लक्ष कोण ठेवणार, एवढं बोलून त्या वेळेआधी बसल्या.

भाऊंचं भाषण सर्वांत लहान. “योजना चांगली हाय. मला मिळाली. मी बारका हाय न् मला मिळाली, दादा थोरला हाय त्याला न्हाई. म्हंजे योजना चांगली न्हाई.” मी त्यांना बाजूची आठवण करून दिली. “व्हय, चांगली हाय,” असं म्हणून ते बसले. टाळ्या पडल्या.

मग आबा काठी टेकत पुढे आले.

“मी माळी. मालक नवा बंगला घेतो न् मला म्हनतो, आबा, समद्या झाडांना सारखं पानी घाल. सारखं घातलं तर काय व्हतं? निवडुंग कुजतो न् केळ तहानंली ऱ्हाती. आता सरकार म्हनतंय, सत्तरीच्या समद्यांना सारखं. ज्याच्या बंगल्यात मी राबलो त्या मालकाला बी, न् मला बी. त्याला कशाला? तेवढं पानी केळीला घाला की. दुसरी गोष्ट. टाकीत पानी किती हाय, कुनी वर चढून बघितलंय का? नळ सोडायला समदे पुढं, टाकी भरायला कोन? न् तिसरी. नळ दिला, पन पाइपच न्हाई आला तर? कार्ड हाय हातात, दवाखान्यात खाट न्हाई. मग ते कार्ड काय चाटायचं?”

मी तीस वर्षं सभा ऐकल्या, विधिमंडळातल्याही. उत्पन्नाची अट, निधीची तरतूद आणि सुविधांची उपलब्धता हे तीन आक्षेप इतक्या कमी शब्दांत मांडलेले मी ऐकले नव्हते. मी निकाल दिला: विरोधी बाजू विजयी. बाईंनी पद्धत म्हणून हात वर करायला सांगितले. जवळजवळ सगळे हात आबांच्या बाजूनं वर गेले. आबा हसत होते. त्या दिवशी ते घरी जाताना झाडं बघायला थांबले नाहीत.

चूक आमच्या लक्षात आली ती आठवड्यानं. एक जूनला वलवणच्या शाळेत कार्डांचं शिबिर घ्यावं म्हणून बाईंनी लोणावळ्याच्या सेवा केंद्रातल्या ऑपरेटर मुलीला तयार केलं होतं. एक जूनला सत्तर पूर्ण करणारे आणि आधीच्या वर्षांतले राहिलेले मिळून चोवीस जण निघत होते. बाई यादी घेऊन घरोघर गेल्या आणि फक्त तीन नावं घेऊन परतल्या.

“सगळे म्हणतात, कार्ड नको असा ठराव झालाय,” त्या म्हणाल्या.

गावाला ग्रामसभा माहीत होती. ग्रामसभेत माणसं बोलतात, मग हात वर होतात, मग जे ठरतं तो ठराव. शेडमध्ये माणसं बोलली होती, हात वर झाले होते, वर्तमानपत्रातल्या माणसानं निकाल वाचला होता. स्पर्धेची उलट बाजू ही शाळेतली गोष्ट. शेडमध्ये बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी चौथीच्या पुढे फारसं कोणी गेलेलं नव्हतं.

भाऊ म्हणाले, “ज्याला नको त्याला नको. दादाचं तर व्हईल.”

आबा म्हणाले, “माझ्या तोंडानं समदे मागं सरले. आता मी एकलाच जाऊन अंगठा देऊ? समदे येतील तवाच मी घेईन.”

“दादा, तुझा खुबा!”

“खुबा माझाच हाय. तोंड बी माझंच हाय.”

यावर भाऊ दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते प्लॅस्टिकचं एक स्टूल घेऊन आबांच्या दारात उभे राहिले. आबांना जमिनीवर बसता येत नव्हतं आणि प्रत्येक घरी खुर्ची असेल याची खात्री नव्हती. मे महिन्याच्या उन्हात ही जोडी एकवीस घरं फिरली. पुढे आबा काठीवर, मागे भाऊ डोक्यावर स्टूल धरून. चाचा दुकान बंद ठेवून दोन दिवस बरोबर आले. मी जमेल तेव्हा जात असे.

पहिल्याच घरी एक मावशी शेंगा फोडत बसल्या होत्या.

“विमा मेल्यावर मिळतो,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांचा मिळालता. मला अजून मरायचं न्हाई, नातवाचं लगीन हाय.”

“मावशे, ह्यो जिवंत माणसाचा विमा हाय,” आबा म्हणाले. “मेलीस तर एक पैसा न्हाई मिळायचा.”

“एक बी न्हाई?”

“न्हाई.”

“मग मेल्यावर काय उपेग त्याचा?”

“अगं मरू नये म्हनून तर काढायचा!”

मावशींनी शेंगा बाजूला ठेवल्या. “तुमी तर त्या दिवशी चाटायचं का म्हनलात.”

“ती बाजू व्हती माझी.”

“बाजू म्हंजे?”

हे समजावणं सर्वांत अवघड गेलं. आबांनी शेवटी त्याला तोड काढली. “जत्रंत सोंग घेतात ना? मी त्या दिवशी विरोधाचं सोंग घेतलंतं.” मावशी हसायला लागल्या. “सोंग ब्येस वठवलंत पन,” त्या म्हणाल्या आणि आतून आधार कार्ड आणायला उठल्या.

प्रत्येक घरी वेगळी शंका होती. कार्ड घेतलं की निराधार योजनेचे पैसे बंद होतात. कार्डवाल्याची किडनी काढून घेतात. एकदा वापरलं की घरावर बोजा चढतो. बाईंनी आणि मी एकेक गोष्ट फोन करून, नियम वाचून तपासली आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत उत्तरं लिहिली. आबांनी कागद वाचून घेतला आणि परत दिला.

“ह्यात समदं चांगलंच लिवलंय,” ते म्हणाले. “कोन इश्वास ठेवल? काय मिळत न्हाई ते आधी लिवा.”

मग कागदाची सुरुवात बदलली. रोजच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या यात मिळत नाहीत. दाखल न होता नुसतं दाखवायला गेलात तर मिळत नाही. प्रत्येक रुग्णालयात चालत नाही, आधी विचारा. सोबत येणाऱ्याचं जेवण आणि गाडीभाडं आपलं आपण. हे पैसे कुणी दान देत नाही, आपल्याच करातले आहेत, आणि पुढे ते पुरतील का यावर जाणत्यांचंही एकमत नाही. एवढं झाल्यावर मग काय मिळतं ते. हा कागद चाचांनी घरोघर वाचून दाखवला. ‘आपल्याच करातले’ या बाईंच्या ओळीवर ते मुद्दाम थांबत, माझ्याकडे बघत आणि मग पुढे जात. तोट्यांची यादी ऐकून माणसं निवांत होत. एका आजोबांनी तर सांगितलं, “एवढी खोट असंल तर खरंच सरकारी असनार.”

एक जूनला शाळेच्या वर्गात ऑपरेटर मुलगी लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन बसली. बाकांवर चोवीसपैकी तेवीस जण होते. चोविसाव्या आजी लेकीकडे गेल्या होत्या आणि दुपारच्या गाडीनं येत होत्या.

“जन्मतारीख?” मुलीनं पहिल्याला विचारलं.

“एक जून.”

“अरे वा, आज वाढदिवस! शुभेच्छा, आजोबा.”

दुसऱ्याला विचारलं. एक जून. तिनं पुन्हा शुभेच्छा दिल्या. पाचव्यानंतर तिनं मान वर करून सगळ्या वर्गाकडे पाहिलं.

“तुम्ही सगळेच?”

“समदे,” मागच्या बाकावरून मावशी म्हणाल्या. “एकाच दिवशी. लय धावपळ झाली असंल सुइनीची.”

वर्ग हसायला लागला आणि बराच वेळ थांबेना. चाचांनी बुंदीची परात आणली होती. बाईंनी सवयीनं हातावर एकेक मूठ वाढली आणि सवयीनंच ‘सांडू नका’ म्हणाल्या.

आबांची पाळी आली तेव्हा अंगठा उमटेना. चाळीस वर्षं माती आणि कात्री हाताळून बोटांच्या रेषा गेल्या होत्या. दहाही बोटं देऊन झाली. मुलीनं यंत्र बाजूला केलं आणि मोबाइलचा कॅमेरा समोर धरला. “चेहऱ्यानं होतं, आबा. इकडे बघा आणि डोळे मिचकावा.”

आबा ताठ बसले, श्वास रोखला आणि डोळे विस्फारून कॅमेऱ्याकडे पाहत राहिले. फोटो काढताना डोळे मिटले तर फोटो वाया जातो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

“मिचकावा, आबा.”

आबा हलेनात. डोळ्यांत पाणी आलं तरी उघडेच.

“दादा, मिचकाव की! समद्या आयुष्यात पयल्यांदा कुनी परवानगी देतंय!” भाऊ ओरडले.

आबांना हसू फुटलं, डोळे मिटले, उघडले, आणि मोबाइलनं टिंग केलं. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मुलगी म्हणाली, एवढ्या टाळ्यांत तिचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

पुढचं सगळं बऱ्याच सरळपणे झालं. तळेगावच्या एका रुग्णालयात मंजुरी यायला काही दिवस लागले, खाट मिळायला आणखी थोडे. आपला तिसरा मुद्दा खरा निघाला म्हणून आबांनी तेवढ्यातही समाधान मानलं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. भाऊ पूर्णवेळ सोबत राहिले आणि वॉर्डातल्या प्रत्येक नव्या माणसाला, गोळ्या मिळत नाहीत आणि जेवण आपलं आपण, हे आधी सांगत राहिले.

पहिल्या तपासणीला भाऊ, मी आणि आबांची सून बरोबर होतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आबा चालले. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, रोज चालणं वाढवायचं, एवढं डॉक्टरांनी बजावलं. “किती वाढवायचं?” आबांनी विचारलं. “झेपेल तितकं,” डॉक्टर म्हणाले. हे उत्तर त्यांनी अधिक विचार करून द्यायला हवं होतं.

बाहेर पावसानं उघडीप दिली होती. फाटकाशी रिक्षा उभी होती. सून आत बसली, भाऊंनी पिशवी आणि वॉकर ठेवला. आबा एका हातात काठी घेऊन आले, रिक्षाच्या दारापर्यंत पोचले आणि न थांबता पुढे गेले.

“दादा, कुटं?”

“हितंच,” आबा मागे न बघता म्हणाले.

भाऊ त्यांना धरायला मागून धावले. रिक्षावाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बसलो आणि त्याला सांगितलं, त्यांच्या मागून चला, हळू. तळेगावच्या बाजारातून रिक्षा पहिल्या गिअरमध्ये निघाली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. सून बाहेर डोकं काढून, “सासरे हायेत माझे, जरा थांबा की!” असं त्यांना सांगत होती. पुढे दोघं भाऊ चालले होते. चालता चालता आबा एका भाजीवालीपाशी थांबले, पालकाची जुडी उचलून उलटसुलट बघितली, पाणी जास्त झालंय म्हणून तिला सांगितलं आणि पुन्हा चालू लागले. भाऊंना त्यांच्या बरोबरीनं राहायला थोडं धावावं लागत होतं.